धुऱ्यावरची तार

रब्बीत पिकाभोवती सोडलेल्या करंटने यवतमाळ जिल्ह्यात जनावरं मरतात, माणसंही मरतात. पुढची रात्र कुणा एकाची नाही, अशा प्रसंगांवरून जुळवलेली आहे.

संध्याकाळी 6. हरभरा घाट्यांवर आलाय. रानडुकरं एका रात्रीत वावर उलथून टाकतात, उरलेलं रोही खातात. जागल करून थकलेला शेतकरी धुऱ्यावर खुंट्या ठोकून गुडघ्याएवढ्या उंचीवर तार ओढतो. त्याचा राग मला समजतो. पुढे तो जे करतो, ते मात्र गुन्हा आहे.

रात्री 10. लाइन आली. मोटारीच्या एका फेजवरून जोड निघतो. 200 मीटर तारेच्या शेवटच्या टोकापर्यंत दाब पोचायला मायक्रोसेकंदही लागत नाही. तारेच्या पृष्ठभागावर विद्युतभार पसरतो आणि सेकंदाला 50 आवर्तनांनी त्याचं चिन्ह पालटत राहतं. दाब 230 व्होल्ट, प्रवाह जवळपास शून्य, कारण परतीची वाट नाही. तार ना तापते, ना आवाज करते.

2:40. शेजारचा शेतकरी ओलितासाठी निघतो. रात्रपाळीची लाइन असली की दुसरा इलाज नसतो. दवाने धुरा ओला, पाय अनवाणी.

2:41. नडगी तारेला लागते आणि वाट पुरी होते: तार, माणूस, काळी माती, डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) अर्थिंग, डीपीतलं वेटोळं, पुन्हा तार. डीपीतून इलेक्ट्रॉन धावत त्याच्यापर्यंत येत नाहीत. ते जागच्या जागी हलतात, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही नाही. शरीरात तर इलेक्ट्रॉन नव्हे, रक्ता-घामातल्या क्षारांचे आयन हलतात. तोल जातो, आधाराला हात तारेवर पडतो. आता वाट छातीतून आहे. स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही. ओल्या शरीराचा रोध 1,000 ओहम धरला तर प्रवाह 230 मिलिॲम्पिअर. याच्या निम्मा प्रवाह दोन-तीन सेकंद छातीतून गेला, तरी हृदयाची लय मोडू शकते.

फ्यूज जात नाही. पाच एचपीची मोटार सात-एक ॲम्पिअर ओढते, फ्यूज तिच्या हिशेबाने बसवलेला असतो. पाव ॲम्पिअरही नसलेला माणूस त्याला जाणवत नाही. 30 मिलिॲम्पिअरच्या गळतीला लाइन तोडणारं उपकरण बाजारात मिळतं, पण चोरून घेतलेल्या जोडावर ते कोण बसवणार? सौरऊर्जेवरचं झटका मशीनही मिळतं. ते सेकंदाला एखादाच, अगदी क्षणभराचा ठोका देतं. जनावर दचकून पळतं, जीव जात नाही.

2:43. ओरडणं ऐकून त्याचा ओलितावरचा सोबती धावतो. मित्राचा हात धरला तर त्याच्यातूनही वाट तयार होईल. तो आधी आपल्या मोटारीचा स्टार्टर पाडतो. शेजारची तार तशीच जिवंत राहते, तिचा जोड दुसऱ्याच्या वावरातून आलेला आहे. पाडायला हवा तो डीपीचा मुख्य स्विच, आणि डीपी दोन वावरं पलीकडे आहे.