हैबतबाबांची वाट

"सर, पालखी मूळची किती जुनी?" असा प्रश्न एका विद्यार्थ्यानें केला. सनावळी मला पाठ होती. पण ती सांगतांना मन ओशाळलें. माझे आजोबा वारकरी होते. घरांत इंग्रजी शिक्षण आलें, नोकऱ्या आल्या आणि वारी सुटली. पुण्यांत जन्म काढूनहि पालखी मी नेहमीं रस्त्याच्या कडेला उभा राहूनच पाहिली. म्हणून हिवाळ्यांतल्या एका पहाटे सायकल काढली, आळंदी गांठली आणि तेथून सासवडपर्यंत पालखीच्या वाटेनें जावयाचें ठरविलें.

आळंदीस महाद्वारांतील पहिली पायरी हैबतबाबांची. कार्तिकी यात्रेचा आरंभ तिच्या पूजनानें होतो. हे हैबतराव पवार साताऱ्याकडील आरफळ गांवचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. वारी ज्ञानेश्वरांच्याहि आधींची. १२९६ सालीं त्यांनीं समाधि घेतली तेव्हां ती चालू होतीच. पादुका पालखींत ठेवून नेण्याची रीत मात्र तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं १६८५ च्या सुमारास घातली. तेव्हां ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्या पादुका एकत्रच जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबांनीं ज्ञानेश्वरांची पालखी निराळी काढली. तिच्यासाठीं अंकलीच्या शितोळे सरदारांनीं घोडे व तंबू दिले.

हा काळ ध्यानांत घेण्यासारखा आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली होती. फौजा मोडल्या, शिलेदार घरीं बसले. अशा वेळीं एका जुन्या सरदारानें लष्करी तळाची शिस्त देवाच्या कामीं लाविली. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांना क्रमांक असतात. कोणी आपली जागा सोडीत नाहीं. मुक्कामीं समाजआरतीच्या वेळीं चोपदारानें दंड उंचावला कीं सारे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते, आणि तिचें म्हणणें ऐकून घेतलें जातें. राज्य गेलेल्या समाजानें आपला कारभार आपण चालविण्याची एवढी एक जागा राखून ठेविली, असें मला वाटतें.

हाच विचार मनांत घोळवीत पुण्यास परत आलों. सायकलींचें शहर ही पुण्याची ख्याति आतां उरली नाहीं. भवानी पेठेंतील पालखी विठोबाच्या देवळापासून हडपसरपर्यंत मोटारींच्या गर्दींतून अंग चोरूनच जावें लागलें. वडकी ओलांडल्यावर खालीं मस्तानी तलाव दिसूं लागला आणि दिवेघाटाची चढण सुरू झाली. येथें पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माझ्या सायकलीला कोण जुंपणार! दुसऱ्याच वळणावर उतरलों आणि ती हातांनीं ढकलीत चालूं लागलों. त्या दिवसांतला तेवढाच भाग मी आजोबांसारखा चाललों, आणि तेवढाच नीट ध्यानांत राहिला आहे.

सासवडास पोहोंचलों तेव्हां ऊन कलत होतें. तेथें सोपानदेवांची समाधि आहे. थोरल्या भावाची पालखी धाकट्याच्या गांवीं मुक्काम करते. आळंदी ते सासवड मी एका दिवसांत उरकलें. पालखी मध्यें पुण्यास दोन रात्री राहते. ती सावकाश जाते म्हणूनच वाटेवरच्या गांवांना तिच्यासाठीं भाकऱ्या भाजावयास, घरें उघडावयास सवड सांपडते. २०२१ सालीं या मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली. रस्ता रुंद होईल, वाहनें वेगानें धांवतील. परंतु मुक्कामाचीं गांवें आणि दिंड्यांचा क्रम ह्यांवरच ही वाट टिकली आहे.

विद्यार्थ्याला मी सनावळीच सांगितली; तीन काळांचे तीन थर त्याच्यापुढें मांडले. पण शेवटीं म्हटलें, "उरलेलें उत्तर घाटांत आहे. पुढच्या ज्येष्ठांत पुण्याहून सासवडपर्यंत मी पायीं जाणार आहें. यावयाचें असेल तर ये."