पायथॉन ३.०

पायथॉन ३.० ही पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेली आवृत्ती होय. विकासाच्या काळात ती पायथॉन ३००० किंवा ‘पाय-थ्री-के’ या नावांनी ओळखली जात असे. जुन्या आवृत्तींशी असलेली सुसंगतता जाणीवपूर्वक मोडणारी ही पायथॉनची पहिलीच आवृत्ती होती. पायथॉन २ मध्ये लिहिलेल्या बहुतांश आज्ञावल्या या आवृत्तीत दुरुस्तीशिवाय चालत नाहीत. परिणामी पायथॉनच्या दोन शाखा सुमारे अकरा वर्षे एकमेकींना समांतर चालू राहिल्या.

या लेखात भाषेतील आज्ञा व फंक्शनांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

पायथॉनची निर्मिती डच संगणकतज्ज्ञ गिडो व्हान रॉसम यांनी केली. १९८९ च्या अखेरीस त्यांनी कामास सुरुवात केली आणि १९९१ मध्ये पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. पुढील पंधरा वर्षांत भाषेत अनेक सोयींची भर पडली, मात्र जुनी आज्ञावली मोडू नये म्हणून आधीच्या त्रुटीही तशाच सांभाळल्या गेल्या. एकच काम करण्याच्या दोन-दोन पद्धती भाषेत साठत गेल्या. पूर्णांकांचे दोन प्रकार होते, वर्गांचे दोन प्रकार होते, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे मजकुराचेही दोन प्रकार होते.

ही अडगळ एकदाच काढून टाकावी, या हेतूने पायथॉन ३००० ची योजना आखण्यात आली. भाषेतील बदल ‘पेप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमांकित प्रस्तावांद्वारे ठरतात. त्यांपैकी २००६ च्या पेप ३००० ने नव्या आवृत्तीची चौकट आखून दिली. जुन्या चुका काढायच्या, परंतु भाषेचे मूळ रूप बदलायचे नाही आणि तिचा दुभाषी पुन्हा पहिल्यापासून लिहायचा नाही, असे ठरले. कोणत्या गोष्टी बदलणार नाहीत यासाठी पेप ३०९९ हा स्वतंत्र दस्तऐवज ठेवण्यात आला. असंख्य सूचना वारंवार येत असल्याने तो आवश्यकच होता. व्हान रॉसम यांनी २००५ मध्ये लॅम्डा, मॅप, फिल्टर आणि रिड्यूस या चारही सोयी काढून टाकण्याचा विचार मांडला होता. वापरकर्त्यांच्या विरोधानंतर पहिल्या तीन राहिल्या आणि रिड्यूसची रवानगी एका उपविभागात झाली.

आवृत्ती ३.० च्या प्रकाशनाची जबाबदारी बॅरी वॉर्सॉ यांच्याकडे होती. त्यांनीच दोन महिने आधी, १ ऑक्टोबर २००८ रोजी, पायथॉन २.६ प्रसिद्ध केली होती. नव्या आवृत्तीतील कोणती बाब आपल्या आज्ञावलीस बाधक ठरेल याची सूचना देण्याची सोय २.६ मध्ये मुद्दाम ठेवण्यात आली होती.

मजकूर आणि बाइट

पायथॉन ३.० मधील सर्वांत मूलगामी बदल मजकूर हाताळण्याच्या पद्धतीत झाला. बाकीचे बहुतेक बदल शोध-बदल करून निभावता येण्यासारखे होते. या एका बदलासाठी मात्र आज्ञावलीत मजकूर कोठून येतो आणि कोठे जातो याचा नव्याने विचार करावा लागला.

पायथॉन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे प्रत्यक्षात बाइटांची माळ असे. २००० साली आलेल्या २.० आवृत्तीपासून युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकार उपलब्ध होता, परंतु तो वापरण्यासाठी अवतरणाच्या आधी ‘यू’ हे अक्षर लिहावे लागे. फरक मराठी शब्दावरून लगेच लक्षात येतो. ‘मराठी’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच चिन्हांचा आहे: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. त्यामुळे त्या संकेतनात साठवलेल्या या शब्दाची लांबी पायथॉन २ मधील लेन हे फंक्शन १५ अशी सांगत असे. पहिले चार घटक तोडून घेतले तर ‘म’ हे अक्षर आणि ‘र’चा एक तृतीयांश तुकडा हाती येई, आणि पडद्यावर निरर्थक खूण उमटे.

त्याहून मोठी अडचण दोन प्रकारांच्या सरमिसळीची होती. बाइटांची माळ आणि युनिकोड मजकूर एकत्र जोडले असता पायथॉन २ बाइटांना आस्की समजून त्यांचे गुपचूप रूपांतर करीत असे. सर्व मजकूर इंग्रजी असेल तोवर हे निर्वेध चाले. परंतु एखाद्या नावात देवनागरी, किंवा साधे युरोपीय स्वरचिन्ह जरी आले, तरी आज्ञावली चालता चालता बंद पडे. असा दोष चाचणीत दिसत नसे. तो प्रथम दिसे तो प्रत्यक्ष वापरात, आणि बहुधा इंग्रजीखेरीज अन्य भाषेत नाव लिहिणाऱ्या वापरकर्त्याला.

पायथॉन ३.० ने हे दोन प्रकार पूर्णतः विलग केले. साध्या अवतरणांतील मजकूर आता नेहमी युनिकोड असतो, तर बाइटांसाठी ‘बी’ अक्षराने सुरू होणारा वेगळा प्रकार आहे. दोन्ही एकत्र जोडण्याचा प्रयत्न केल्यास, मजकूर इंग्रजी असो वा मराठी, लगेच त्रुटी दाखवली जाते. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्यासाठी एन्कोड आणि डीकोड या क्रिया स्पष्टपणे कराव्या लागतात. ‘मराठी’ची लांबी आता ५ येते. आज्ञावलीच्या फाइलींचे गृहीत संकेतनही आस्कीऐवजी यूटीएफ-८ झाले.

पेप ३१३१ नुसार चल, फंक्शन आणि वर्ग यांना रोमनेतर लिपीत नावे देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे ‘किंमत’ किंवा ‘बेरीज’ ही चलांची वैध नावे ठरतात. भाषेचे आरक्षित शब्द मात्र रोमनच राहिले, आणि आज्ञावलीतील संख्याही रोमन अंकांतच लिहाव्या लागतात. गंमत अशी की अवतरणात दिलेला ‘१२३’ हा देवनागरी मजकूर इंट फंक्शनला दिला तर तो त्याचे योग्य संख्येत रूपांतर करतो.

युनिकोडच्या स्वीकाराने देवनागरीचे सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. लांबी मोजताना काना, मात्रा आणि वेलांटी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. वाचकाच्या दृष्टीने ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द आहे. मजकूर केवळ अक्षरांचाच आहे का हे तपासणारे इझअल्फा हे फंक्शन ‘मराठी’ या शब्दाबाबत नकारार्थी उत्तर देते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना-वेलांट्या अक्षरांत गणल्या जात नाहीत. नमुनाशोधाच्या प्रमाण विभागात शब्दातील चिन्हांसाठी असलेली खूण वापरल्यास याच कारणाने या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. यादीची क्रमवारी युनिकोडमधील स्थानानुसार लागत असल्याने ‘ळ’ने सुरू होणारे घटक ‘ल’नंतर लगेच येतात, तर मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. मराठी शब्दसूची तयार करणाऱ्यास ही व्यवस्था स्वतः करावी लागते.

भागाकार

पायथॉन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येत असे. ७ भागिले २ याचे उत्तर ३ मिळे. पायथॉन ३.० मध्ये ते ३.५ येते. पूर्णांकी भागाकार हवा असल्यास दोन तिरक्या रेघांचे चिन्ह वापरावे लागते. हा बदल २००१ मध्ये पेप २३८ द्वारे मान्य झाला होता आणि पायथॉन २.२ पासून ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध होता.

स्थलांतराच्या दृष्टीने हा बदल मजकुरातील बदलापेक्षा छोटा, पण अधिक दगाबाज होता. येथे त्रुटी दाखवली जात नाही. आज्ञावली सुरळीत चालते आणि वेगळे उत्तर देते. राउंड फंक्शनचेही तसेच झाले. बरोबर मधोमध असलेली संख्या आता जवळच्या सम पूर्णांकाकडे वळवली जाते, त्यामुळे २.५ चे उत्तर ३ ऐवजी २ येते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नियमापेक्षा हे निराळे असल्याने नवशिक्यांना तो अनेकदा दोष वाटतो. मात्र अनेक संख्यांची बेरीज करताना एकाच दिशेने साचत जाणारी चूक यामुळे टळते.

अन्य बदल

सामान्य वापरकर्त्याला सर्वप्रथम जाणवलेला बदल प्रिंटचा होता. पूर्वी प्रिंट ही भाषेची अंगभूत आज्ञा होती. ३.० मध्ये ते साधे फंक्शन झाले आणि कंस अनिवार्य ठरले. यातून दोन घटकांमधील विभाजक किंवा ओळीचा शेवट बदलण्याची सोय झाली. तरीही पाठ्यपुस्तकांतील जवळजवळ प्रत्येक उदाहरण यामुळे जुने ठरले, आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेली आज्ञावली पहिल्याच ओळीला अडखळू लागली.

इनपुट या फंक्शनाचे वर्तनही बदलले. पायथॉन २ मध्ये वापरकर्त्याने टंकलेला मजकूर ते आज्ञा समजून थेट चालवत असे, जे सुरक्षिततेच्या दृष्टीने घातक होते. ३.० पासून ते केवळ मजकूर परत करते. संख्या हवी असल्यास रूपांतर करावे लागते.

असमान प्रकारच्या वस्तूंची लहान-मोठी अशी तुलना आता त्रुटी ठरते. पूर्वी संख्या आणि शब्द यांची मिश्र यादीही मनमानी क्रमाने लावली जात असे. इंट आणि लाँग हे पूर्णांकांचे दोन प्रकार एकत्र झाले, जुन्या धाटणीचे वर्ग गेले, आणि डिक्शनरीच्या कीज, व्हॅल्यूज व आयटम्स या क्रिया यादीऐवजी हलकी दृश्ये परत करू लागल्या. शून्याने सुरू होणारी अष्टमान संख्या लिहिण्याची जुनी रीत बंद झाली. नॉनलोकल हा नवा आरक्षित शब्द आला. फंक्शनांच्या घटकांना टिपा जोडण्याची सोयही याच आवृत्तीत आली. त्या वेळी तिचा उपयोग फारसा कोणाला कळला नव्हता, परंतु पुढे पायथॉनमधील प्रकारदर्शक सूचनांची संपूर्ण व्यवस्था तिच्यावरच उभी राहिली.

स्वागत आणि त्रुटी

पहिली आवृत्ती प्रत्यक्ष कामासाठी फारशी वापरली गेली नाही. ‘पायस्टोन’ या चाचणीत ती पायथॉन २.५ पेक्षा सुमारे १०% मंद असल्याचे तिच्यासोबतच्या अधिकृत टिपणातच नमूद होते. फाइल वाचन-लेखनाचा विभाग पायथॉनमध्येच लिहिलेला असल्याने विशेष संथ होता. ज्या फाइलींची नावे उलगडता येत नसत त्या फाइलींच्या यादीतून मुकाट्याने गाळल्या जात. काढून टाकायचे ठरलेले सीएमपी फंक्शन नजरचुकीने राहून गेले होते. ते फेब्रुवारी २००९ मधील ३.०.१ मध्ये काढण्यात आले. वाचन-लेखनाचा विभाग सी भाषेत नव्याने लिहून २७ जून २००९ रोजी ३.१ प्रसिद्ध झाली.

यानंतर भाषेच्या रचनेत कोणतेही नवे बदल करू नयेत, असा दोन वर्षांचा विराम पेप ३००३ द्वारे पाळण्यात आला. पायथॉनच्या अन्य अंमलबजावण्यांना आणि ग्रंथालयांच्या कर्त्यांना नव्या आवृत्तीपर्यंत पोहोचण्यास उसंत मिळावी, हा त्यामागील उद्देश होता.

स्थलांतर

स्थलांतरासाठी टू-टू-थ्री नावाचे स्वयंचलित साधन देण्यात आले. आज्ञावली एकदाच बदलायची आणि पुढे जायचे, अशी त्यामागची कल्पना होती. ग्रंथालये लिहिणाऱ्यांना ती सोयीची नव्हती, कारण त्यांचे वापरकर्ते दोन्ही आवृत्तींवर विखुरलेले होते. व्यवहारात यशस्वी ठरला तो दुसराच मार्ग: दोन्हींवर चालेल अशी एकच आज्ञावली लिहिणे. त्यासाठी सिक्स हे छोटे ग्रंथालय सर्रास वापरले गेले. दोन आणि तीन यांचा गुणाकार सहा, म्हणून हे नाव.

ग्रंथालये तयार नाहीत म्हणून वापरकर्ते येत नाहीत, आणि वापरकर्ते नाहीत म्हणून ग्रंथालये बदलत नाहीत, असा पेच काही वर्षे राहिला. नम्पायने २०१० मध्ये १.५ आवृत्तीत पायथॉन ३ ला आधार दिला. जँगोमध्ये तो २०१३ मधील १.५ आवृत्तीत प्रायोगिक स्वरूपात आला.

पायथॉनच्या विकासकांनीही काही पावले मागे घेतली. आर्मिन रोनाखर यांच्या पेप ४१४ नुसार युनिकोड मजकुराआधीचे ‘यू’ अक्षर २०१२ मधील ३.३ मध्ये पुन्हा वैध झाले. त्याचा अर्थ काहीच होत नाही, केवळ जुनी आज्ञावली न बदलता चालते. बाइटांच्या माळेत टक्केचिन्हाने मूल्ये भरण्याची काढून टाकलेली सोय २०१५ मधील ३.५ मध्ये परत आली. ३.३ मध्ये युनिकोड साठवण्याची अंतर्गत रचनाही सुधारली. विंडोजवरील पायथॉन २ मध्ये मूळ बहुभाषिक प्रतलाबाहेरची चिन्हे दोन गणली जात. देवनागरी त्या प्रतलात असल्याने तिला याची झळ नव्हती, परंतु २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीची चिन्हे त्याबाहेर आहेत. ३.३ पासूनच्या आवृत्तींत मोडीचे चिन्हही एकच गणले जाते.

पायथॉन २ चा शेवट

दुसऱ्या शाखेची अखेरची मुख्य आवृत्ती २.७ ही ३ जुलै २०१० रोजी आली. तिचा आधार २०१५ मध्ये संपणार होता, परंतु स्थलांतराची गती पाहून २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवण्यात आली. दरम्यान मोठ्या संस्था नव्या शाखेकडे वळल्या. इन्स्टाग्रामने आपले स्थलांतर पूर्ण झाल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या जँगो २.० ने पायथॉन २ चा आधार काढून घेतला.

१ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ ची देखभाल औपचारिकरीत्या थांबली. तोवर साठलेल्या दुरुस्त्यांसह २.७.१८ ही अंतिम आवृत्ती २० एप्रिल २०२० रोजी प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये ॲपलने मॅकओएस १२.३ मधून पायथॉन २.७ वगळले. टू-टू-थ्री हे साधन २०२४ मधील पायथॉन ३.१३ मधून काढून टाकण्यात आले.