लांडी कोतलचा फोन

२१ डिसेंबर १९४० च्या पहाटे इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या कॉडनर पार्क या लहानशा स्टेशनावर एक तरुण वैमानिक येऊन उभा राहिला. आपण हॉलंडचे कॅप्टन फान लॉट, ब्रिटिश हवाई दलात आहोत, विमान जवळच कोसळलंय, तळावर फोन लावा, असं त्याने फर्मावलं. बुकिंग क्लार्कला शंका आली, पोलिसही आले. पण पठ्ठ्याने सगळ्यांना गुंडाळलं आणि हकनल विमानतळावरून त्याच्यासाठी गाडी आली. तिथल्या अधिकाऱ्याने खातरजमा करायला स्कॉटलंडमधल्या डाइस तळाला फोन जोडला. लाइन लागेपर्यंत पाहुणा बाहेर सटकला, एका हरिकेन विमानात जाऊन बसला आणि मेकॅनिकला इंजिन चालू करायला सांगू लागला. आणखी थोडा वेळ मिळता तर तो उडालाही असता. पिस्तूल रोखलेला अधिकारी आधी पोहोचला.

हा फ्रान्झ फॉन वेरा. जर्मन लढाऊ वैमानिक, वय २६. ५ सप्टेंबर १९४० ला त्याचं मेसरश्मिट केंटमध्ये पडलं आणि तो धरला गेला. त्याआधी तो जर्मनीत गाजत होता, तो जितका उडण्यासाठी तितकाच मिरवण्यासाठी. सिंबा नावाचा सिंहाचा छावा त्याने पाळला होता आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो यायचे. ऑगस्टमध्ये एका तळावर एकट्याने हल्ला करून ९ विमानं खलास केल्याचा त्याचा दावा होता. इंग्रजांच्या नोंदींत त्याला दुजोरा मिळत नाही. नाझी प्रचारयंत्रणेला असा माणूस हवाच होता. त्याच्या फुशारक्या चिमटीत धरूनच वाचाव्यात. पळण्याच्या बाबतीत मात्र गडी अस्सल होता. ऑक्टोबरात तो ग्राइझडेल हॉलच्या छावणीतून पळाला, पकडला गेला. डिसेंबरात भुयार खणून हकनलपर्यंत पोहोचला. मग इंग्रजांनी त्याला कॅनडाला धाडलं, तर २१ जानेवारी १९४१ ला त्याने धावत्या गाडीच्या खिडकीतून उडी टाकली आणि गोठलेली सेंट लॉरेन्स नदी ओलांडून तो अमेरिकेत शिरला. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. तिथून मेक्सिको, ब्राझील, स्पेन, इटली असा फेरा घालत तो एप्रिलमध्ये जर्मनीत परतला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला हॉलंडच्या किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडून त्याचं विमान समुद्रात गेलं. प्रेतही मिळालं नाही.

पकडलेल्या वैमानिकाने पळायचा प्रयत्न करायचा, ही विसाव्या शतकातल्या लढायांमधली जुनी रीत. जिनिव्हा करारानेही ती गृहीत धरली आहे. पळताना सापडलेल्या कैद्याला गुन्हेगार मानायचं नाही, शिस्तभंगाची शिक्षा द्यायची, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. शत्रूचा मुलूख ओलांडला की पलायन यशस्वी. थोडक्यात, खेळाचे नियम दोन्ही बाजूंना पाठ असतात. फक्त पहारेकऱ्याच्या हातातली बंदूक खरी असते.

हीच रीत एका मराठी वैमानिकाने ३२ वर्षांनी पाळली. दिलीप पारुळकर १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या हंटर विमानाला गोळीबार लागला, उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी मार, असं तुकडीच्या म्होरक्याने सांगूनही त्यांनी ते तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. १९७१ च्या युद्धात, १० डिसेंबरला मात्र उडी मारावीच लागली. त्यांचं सुखोई-७ विमानविरोधी तोफांनी पाडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोहोचले. पाडलो गेलो तर पळून येईन, हे त्यांनी युद्धाआधीच बोलून ठेवलं होतं म्हणतात.

छावणीत हवाई दलाचे १२ भारतीय अधिकारी होते. छावणीचा प्रमुख होता पाकिस्तानी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, माणूस सभ्य. नाताळला त्याने केक आणवला आणि तोवर वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलेले हे सगळे पहिल्यांदा एकत्र बसले. पुढे त्याची बदली झाली, पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा एडीसी, म्हणजे खास सहायक म्हणून. हे पारुळकरांच्या ध्यानात राहिलं.

तयारीला सहा-सात महिने गेले. जिनिव्हाच्या नियमाने कैद्यांना महिन्याला थोडे पैसे मिळत, ते साठवले. पठाणी कपडे शिवून घेतले. वैमानिकाच्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्या पाण्यासाठी ठेवल्या. शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. नकाशा म्हणून शाळकरी ॲटलास होता. भिंत पोखरली ती कात्री, काटा, स्क्रूड्रायव्हर अशा चिल्लर हत्यारांनी. विटांचा चुरा खाटांखालच्या रेड क्रॉसच्या खोक्यांत भरायचा आणि बाहेरचा गिलावा शेवटपर्यंत शाबूत ठेवायचा. १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळ सुटलं. पारुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे त्या भोकातून बाहेर पडले आणि सिनेमा सुटल्यावर रस्त्याने निघालेल्या गर्दीत मिसळले. बसने सकाळी पेशावर. तिथून टांगा, थोडं पायी, पुन्हा बस, तीही टपावर बसून. साडेनऊच्या सुमारास ते खैबर खिंडीत लांडी कोतलला उतरले. अफगाण सरहद्द उरली होती अवघी ४ मैल.

इथे ॲटलासने घात केला. त्यात लांडी कोतलच्या पुढे लांडीखाना हे स्टेशन दिसत होतं, सरहद्दीला लागून. म्हणून त्यांनी लांडीखान्याचा रस्ता विचारला. खैबरची रेल्वे १९२५ मध्ये लांडी कोतलपर्यंत आणि १९२६ मध्ये लांडीखान्यापर्यंत गेली खरी, पण हा शेवटचा तुकडा १९३२ मध्येच बंद पडला होता. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेलं स्टेशन विचारणारे तीन परके तरुण!    तिथल्या तहसील कचेरीतल्या एका अर्जनविसाला संशय आला आणि तिघे तहसीलदारापुढे उभे राहिले.

आपण पाकिस्तानी हवाई दलातले, लाहोरचे, सुट्टीवर फिरायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. नावं ठरलेली होती: फिलिप पीटर, अली अमीर, हॅरोल्ड जेकब. तहसीलदाराला पटेना. खैबरच्या भागात संशयिताचं काय होईल, याची शाश्वती नव्हती. तेव्हा पारुळकरांनी एक मागणी केली: हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावून द्या.

हकनलमध्ये ज्या फोनच्या भीतीने फॉन वेरा पळत सुटला, तोच फोन पारुळकरांनी आपण होऊन मागितला. दोघांच्या धाडसात डावं-उजवं करायचं कारण नाही, पण अक्कल कुणाची जास्त असं विचारलं तर हा कौल पारुळकरांकडे जातो. फोनवर आवाज ऐकताच उस्मान हमीदला सगळं उमगलं. ही आपलीच माणसं आहेत, त्यांना हात लावू नका, ताब्यात ठेवा, असं त्याने तहसीलदाराला सांगितलं. निसटलेले कैदी पुन्हा सापडले आणि जिवंत राहिले, दोन्ही त्या एका वाक्याने.

पुढे शिक्षा झाली ३० दिवसांच्या एकांतवासाची, करारात लिहिलीय तेवढीच. सगळ्यांना लायलपूरच्या छावणीत हलवण्यात आलं. १ डिसेंबर १९७२ ला भारतीय कैदी वाघा सरहद्दीवरून परतले. भिंतीला हात न लावता हे तिघे गप्प बसले असते, तरी त्याच दिवशी घरी आले असते. ऑगस्टमध्ये ते कुणाला ठाऊक असणार?

पारुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले, विशिष्ट सेवा पदकही मिळालं. या पलायनावर फेथ जॉन्स्टन या कॅनडातल्या लेखिकेने पुस्तक लिहिलं, चित्रपटही निघाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.