सांगडीपासून रबरी नावेपर्यंत



‘सांगड घालणे’ असे आपण नेहमी म्हणतो. पण सांगड म्हणजे काय, हे वर्गातल्या मुलांना एकदा विचारून पाहा. वाळलेले भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, ती सांगड. पूल नव्हते तेव्हा आपले वाडवडील तिच्या आधाराने नदी उतरत. पंजाबात हेच काम फुगवलेल्या कातड्यांवर चाले. इराकमधील निमरूदच्या सुमारे २,९०० वर्षांपूर्वीच्या शिल्पांत असे कातडे पोटाशी धरून पोहणारे सैनिक कोरले आहेत. पुढे १८४० नंतरच्या दशकात पीटर हॉल्केट या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने रबर लावलेल्या कापडाची, हवा भरायची नाव बनवली.

ती नाव आता आपल्या गोदाकाठीही आली आहे. नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजतात. पाणी त्याच्या छातीला लागले की खालच्या निफाड तालुक्याच्या पोटात गोळा येतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सायखेडा-चांदोरी भागात माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली.

मग रबरी नाव बुडत नाही का? तिच्या हवेचे कप्पे वेगवेगळे असतात. एक फुटला तरी बाकीचे तारतात. पण निफाडच्या पाण्याखाली द्राक्षबागांचे लोखंडी अँगल आणि तारा असतात, बाभळीचे काटे असतात. तेव्हा वाट माहीत असलेला गावकरी सोबत हवाच. गार पाण्यात हवा आकसते, म्हणून नाव पाण्यात सोडल्यावर कप्पे पुन्हा दाबून पाहावेत. उभे राहू नये. तळाशी, दोन्ही बाजूंना सारखे बसावे. लाट आडवी घेऊ नये, नाकावर घ्यावी. धार ओलांडताना नाक थोडे वरच्या अंगाला ठेवावे, म्हणजे प्रवाहच नाव पलीकडे सरकवतो. बंधाऱ्याच्या जवळ मुळीच जाऊ नये. आणि जीवरक्षक जाकीट अंगात घातल्यावाचून काठ सोडू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र घाईचा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. एक खेप जास्त करावी, पण एक माणूस जास्त घेऊ नये.

भोपळे गेले, रबर आले. नदीचे नियम तेच राहिले. गुरुजी, गावातल्या जुन्या पुरांच्या खुणा म्हाताऱ्यांकडून विचारून मुलांच्या वहीत उतरवून घ्या. नाव केव्हा काढायची, हे त्याच खुणा सांगतील.