क्रूझवाल्यांच्या बाजूने

भूमध्य समुद्रातल्या क्रूझविषयी आपल्याकडच्या वाचत्या-फिरत्या लोकांचं मत आता ठरून गेलं आहे. क्रूझ हा प्रवासच नव्हे, तो तरंगता मॉल. सकाळी बंदरात उतरायचं, बसने धावतपळत एखादं शहर ‘करायचं’ आणि संध्याकाळी बुफेला हजर व्हायचं. रोम तीन तासांत, अथेन्स चार तासांत. खरा प्रवासी मात्र एका गावात आठवडाभर घर भाड्याने घेतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणतो आणि शहर ‘जगतो’. आम्ही नवरा-बायको बार्सिलोनाहून निघून मार्से, लिव्होर्नो, चिवितावेक्या, माल्टा असं करत पिरेअसला पोचणाऱ्या क्रूझवर गेलो, तेव्हा जाण्याआधी हेच ऐकलं आणि आल्यावरही हेच. ऐकवणाऱ्यांतले बरेच जण बसमधून पंधरवड्यात नऊ देश उरकून आलेले होते, ते असो.

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यातला काही भाग खरा आहे आणि त्याकडे मी येईनच. पण ‘आठ तासांत काय दिसणार?’ हा जो आरोप सर्वांत ठासून केला जातो, तोच नेमका सर्वांत कच्चा आहे.

परतीच्या भोंग्याकडे कान ठेवून बंदरामागून बंदर पाहणं ही गेल्या तीस-चाळीस वर्षांतली बाजारू खोड आहे, असं लोक धरून चालतात. तिचं वय त्याच्या कितीतरी पट आहे. १८४४ साली पी अँड ओ कंपनीने इंग्रज लेखक विल्यम थॅकरेला आपल्या आगबोटींवरून फुकट फिरवलं. जिब्राल्टर, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, कैरो असा तो फेरा होता, आणि १८४६ साली त्याचं पुस्तक आलं. कंपनीच्या खर्चाने हिंडून लिहिणाऱ्या आजच्या इन्फ्लुएन्सर मंडळींचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की थॅकरेने अथेन्सची मनसोक्त नालस्ती केली आणि कंपनीची बोट तरीही चालू राहिली. १८६७ साली ‘क्वेकर सिटी’ ही बोट न्यूयॉर्कहून निव्वळ सहलीसाठी भूमध्याकडे निघाली. तिकीट साडेबाराशे डॉलर. तिच्यावर लेखक मार्क ट्वेनही होता, त्याचे पैसे त्याच्या वर्तमानपत्राने भरले होते. पुढे १८९१ च्या जानेवारीत आल्बर्ट बालिन या जर्मन कंपनीचालकाने ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही मोठी आगबोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्याच्या फेरीवर काढली. त्यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक नसे आणि एवढी महागडी बोट धक्क्याला बांधून ठेवणं परवडत नसे. आजच्या क्रूझ-धंद्याचा हिशेब तिथेच सुरू झाला.

यातलं ट्वेनचं प्रकरण आपल्या वादाला फार उपयोगी आहे. ‘क्वेकर सिटी’ अथेन्सच्या पिरेअस बंदराला पोचली तेव्हा क्वारंटाइनमुळे कुणालाही उतरायची परवानगी नव्हती. ट्वेन आणि त्याचे तीन सोबती रात्री चोरून किनाऱ्याला लागले, चांदण्यात चालत ॲक्रोपोलिसपर्यंत गेले, पार्थेनॉन पाहिलं आणि उजाडायच्या आत बोटीवर परतले. त्याचं अख्खं अथेन्स एका रात्रीचं. या सफरीवरचं ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ १८६९ साली निघालं आणि ट्वेनच्या हयातीत त्याचं सर्वांत खपलेलं पुस्तक ठरलं. त्या रात्रीची पानं आजही वाचावीशी वाटतात.

यावर उत्तर येतं की तो ट्वेन होता म्हणून. कबूल. पण मग वाद तासांचा राहिला नाही, डोळ्यांचा झाला. आणि आठवडाभर घर भाड्याने घेतलं की डोळे उघडतात असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

खोलात जायचं तर प्रश्न असा की भूमध्य नावाची जी वस्तू आपण पाहायला जातो ती आहे तरी काय? फेर्नां ब्रोदेल या फ्रेंच इतिहासकाराने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना, बरंचसं स्मरणातून, एक प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. नावापुरता तो दुसऱ्या फिलिप राजाच्या काळाचा इतिहास आहे, पण खरा नायक समुद्रच. सोळाव्या शतकातली गलबतं किनारा न सोडता या बंदरातून त्या बंदरात कशी सरकत, कुठे पाणी भरत, कुठे मीठ घेऊन कुठे धान्य उतरवत, हे त्याने विस्ताराने दाखवलं. भर समुद्रातून सरळ जाणं हा अपवाद होता. पुढे २००० साली पेरेग्रिन हॉर्डन आणि निकोलस पर्सेल यांनी ‘द करप्टिंग सी’ या ग्रंथात हाच धागा आणखी ताणला. भूमध्याच्या काठचा प्रत्येक लहान टापू हवेने, पिकाने, दुष्काळाने शेजाऱ्याहून निराळा असतो आणि एकट्याने तगू शकत नाही. समुद्रावरून होणारी जवळजवळची ये-जा त्याला जगवते. हे मान्य केलं तर भूमध्य मोजायचं माप बदलतं. शहर हे माप राहत नाही, दोन बंदरांमधली एका रात्रीची मजल हे माप होतं. आठवडाभर फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्याला फ्लॉरेन्स उत्तम कळेल, आमच्यापेक्षा शंभरपट. भूमध्य कळायला मात्र रात्री बोटीवर काढाव्या लागतात.

‘पण तुमची बोट रोमला जातच नाही, ती चिवितावेक्याला थांबते’ हा पुढचा टोमणा. खरंच आहे, रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. पण ही क्रूझ कंपन्यांनी केलेली फसवणूक नव्हे. चिवितावेक्याचं बंदर दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट ट्राजनने बांधवलं, आणि धाकट्या प्लिनीने तिथे चाललेल्या कामाचं वर्णन पत्रात करून ठेवलं आहे. लाटा अडवायला बंदराच्या तोंडाशी दगड टाकून बेट उभारलं जात होतं. अथेन्सचं पिरेअसही असंच वेगळं. त्या दोघांना जोडायला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सकरांनी लांबच लांब समांतर तटबंदी बांधली आणि पेलोपोनेशियन युद्ध हरल्यावर ती त्यांना पाडावी लागली. शहर आत आणि बंदर बाहेर ही या समुद्राची जुनी रचना आहे. विमानाने थेट रोमला उतरणाऱ्याला ती कधी जाणवतच नाही.

लिव्होर्नोला आमच्यात यावरून भांडण झालं. बोटीवरचे बहुतेक सगळे फ्लॉरेन्सच्या बसमध्ये बसले. जायला दीड तास, यायला दीड तास. मी पण निघालो होतो. बायको म्हणाली, “तुम्ही खुशाल जा. मी या गावात राहणार. ज्या गावात उतरलो त्याच गावाला पाठ दाखवायची म्हणजे काय?” मी राहिलो. कारण तात्त्विक नव्हतं. गुडघा आणि दुपारचं ऊन.

आणि लिव्होर्नोने आम्हाला तस्कानी जितकं समजावलं तितकं एखाद्या संग्रहालयाने समजावलं असतं असं वाटत नाही. पिसा हे एके काळी बलाढ्य सागरी प्रजासत्ताक. आर्नो नदीचा गाळ साचत गेला आणि त्याचं बंदर निकामी झालं. फ्लॉरेन्सला समुद्र नव्हता, तो त्याने विकत घेतला: १४२१ साली जिनोआला एक लाख फ्लोरिन मोजून लिव्होर्नो हे तेव्हाचं बारकं गाव. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने मग त्याचं आखीव शहर केलं. १५९१ आणि १५९३ साली पहिल्या फेर्दिनान्दोने जाहीरनामे काढून ज्यू, आर्मेनियन, ग्रीक अशा सगळ्या व्यापाऱ्यांना राहायचं आमंत्रण दिलं. इटलीतल्या इतर शहरांत ज्यूंना घेट्टोत कोंडलं जात असताना लिव्होर्नोत घेट्टो नव्हता. इतकं उदार गाव! आणि त्याच फेर्दिनान्दोचा संगमरवरी पुतळा बंदराच्या तोंडाशी उभा आहे. त्याच्या पायाशी साखळदंडांत जखडलेले चार ब्राँझचे मूर कैदी. पिएत्रो ताक्काने सतराव्या शतकात घडवलेले त्यांचे चेहरे पाहून फेर्दिनान्दोच्या पुतळ्याकडे कुणाचं लक्ष जात नसावं. लिव्होर्नो हा गुलामांचाही बाजार होता. सहिष्णुता आणि गुलामी एकाच धक्क्यावर, एकाच घराण्याच्या शिक्क्याने. पुढे कालव्यांच्या काठाने हिंडलो, काच्चुक्को नावाचा तिखटसर माशांचा रस्सा पावाबरोबर खाल्ला, आणि बसवाले परतले त्याच्या आधी डेकवर येऊन बसलो.

‘क्रूझवर समुद्र कुठे दिसतो?’ यावरही असंच. बोटीवर न पाहायची सोय पुष्कळ असते, हे खरं. पण चिवितावेक्या सोडल्यावर त्याच रात्री, पहाटेच्या अंधारात, स्ट्रॉम्बोली दिसतो. दोन हजारांहून जास्त वर्षं हा ज्वालामुखी थोड्या थोड्या वेळाने उसळतो आहे. जुने नावाडी त्याच्याकडे पाहून दिशा ठरवत. मग मेसिनाची सामुद्रधुनी. अरुंदात अरुंद ठिकाणी ती तीनेक किलोमीटर आहे आणि तिथले प्रवाह इतके आडवेतिडवे की होमरच्या श्रोत्यांनी तिथे सिल्ला आणि कॅरिब्डिस या राक्षसिणी बसवल्या. पाण्यावरचे भोवऱ्यांचे पट्टे आम्ही साध्या डोळ्यांनी पाहिले. डेकवर फारसं कुणी नव्हतं, हजारो माणसं खाली झोपली होती. त्याचा दोष बोटीला कसा द्यायचा?

माल्टाचं तर उदाहरणच पुरे. १५६५ च्या वेढ्यातून वाचल्यावर तिथल्या नाइट्सनी, म्हणजे बेट राखणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या पंथाने, पुढच्याच वर्षी व्हॅलेटाचा पाया घातला. ते शहर समुद्रावरून येणाऱ्याने पाहून धसका घ्यावा म्हणून बांधलं आहे. बोट ग्रँड हार्बरमध्ये शिरते तेव्हा उजव्या हाताला सेंट एल्मोचा किल्ला आणि व्हॅलेटाचे बुरूज, डाव्या हाताला रिकासोलीचा आणि पुढे सेंट अँजेलोचा किल्ला. दोन्हींच्या माऱ्यात आपण. विजयदुर्गाच्या वाघोटन खाडीत होडीने शिरलेल्याला ही भावना ओळखीची वाटेल. टॅक्सीने विमानतळावरून आलेल्याला व्हॅलेटा मागच्या दाराने दिसतं.

आपल्या लोकांनाही युरोप पहिल्यांदा दिसला तो याच वाटेने. मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद, मग ब्रिंदिसी किंवा मार्से. मराठी माणसाच्या मनात मार्सेला जे स्थान आहे ते एका बंदरातल्या मुक्कामामुळेच: ‘मोरिया’ बोट तिथे थांबली असताना ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी उडी मारली, आणि त्या काही मिनिटांवरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापर्यंत गेले. निकाल फेब्रुवारी १९११ मध्ये ब्रिटनच्या बाजूने लागला. गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये मार्सेला उतरले आणि परतताना डिसेंबरात ब्रिंदिसीहून ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले. बंदर म्हणजे शहराची पायपुसणी हा समज त्या पिढीला नव्हता.

आता ‘शहर जगणाऱ्यां’विषयी. बार्सिलोनाने बोटींचे धक्के कमी करायचं ठरवलं आहे, हे क्रूझविरोधक आनंदाने सांगतात. त्याच बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ साली आणखी एक गोष्ट जाहीर केली: पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. कारण तिथल्या लोकांना राहायला घर परवडेना. क्रूझवाला संध्याकाळी आपलं अंथरूण घेऊन निघून जातो. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणणारा संवेदनशील प्रवासी ज्या घरात राहतो, तिथे पूर्वी कुणीतरी राहत होतं. हा हिशेब मांडल्याशिवाय नैतिक उंचीवर चढू नये.

पूर्वपक्षाचं खरं बळ आकारात आहे, आणि तिथे मी वाद घालत नाही. आजच्या काही बोटी दोन लाख टनांहून मोठ्या आहेत. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरच्या बोटींना सान मार्कोसमोरून जायला बंदी केली ते योग्यच झालं. दुब्रोव्हनिकने एका वेळी दोनच बोटी, सांतोरिनीने दिवसाला आठ हजार क्रूझ-प्रवासी अशी मर्यादा घातली. सांतोरिनीत बोटीवरून होडीने उतरून केबल कारच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही आठ हजार हा आकडा उदार वाटेल. मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्यात जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर ०.१ टक्क्याची मर्यादा लागू झाली, तीही फार उशिरा. पण गंधकाचा सोडला तर हे सगळे आक्षेप बोटी किती मोठ्या आणि किती असाव्यात याचे आहेत. ट्वेनची बोट त्या नियमांत अडकली नसती.

एक आक्षेप मात्र कुणीच घेतला नाही, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा मुलगा गोव्यातल्या सासष्टीचा. त्याचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, आजोबाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार अशा माणसाकडून आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम घेणं कायदेशीर आहे, आणि प्रत्यक्षात सुट्टीचा वार असा नसतो. बायकोने त्याला कोकणीत विचारलं, रोम पाहिलंस का? तो म्हणाला, एकदा पाहिलंय, दोन वर्षांपूर्वी. मोसमात त्याची बोट दर आठवड्याला चिवितावेक्याला लागते. उतरायला मिळालं तर तो बंदराजवळ जिथे फुकट वायफाय चालतं तिथे जाऊन घरी फोन करतो. क्रूझवर काही पाहून होत नाही हे विधान मला त्याच्यापुरतं तंतोतंत मान्य आहे.