तापचित्रण, स्नायुदुखीतील

त्वचेतून सतत बाहेर पडणारे अवरक्त किरण कॅमेऱ्याने टिपून तिच्या तापमानाचा रंगीत नकाशा काढण्याची पद्धत, थर्मोग्राफी. शरीराला स्पर्श नाही, क्ष-किरणांचा मारा नाही. म्हणून मान, पाठ किंवा जबड्याच्या दुखण्यावर केलेल्या उपचाराने काय फरक पडला, हे पाहायला ती वापरतात.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला आणि पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. माणसाच्या त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८ असते, मग वर्ण गोरा असो की सावळा. कॅमेरा ०.०५ अंश सेल्सिअसचा फरकही ओळखतो, पण त्याचा मूळ आकडा दोन अंशांनी चुकू शकतो. त्यामुळे खरी भिस्त तुलनेवर: उजवा खांदा आणि डावा, आधीचे चित्र आणि नंतरचे. निरोगी माणसाच्या दोन्ही बाजूंत सहसा अर्ध्या अंशाहूनही कमी तफावत असते.

चित्र घेण्याआधी रुग्णाला पाठ उघडी ठेवून, पंख्याच्या झोताबाहेर दहा-पंधरा मिनिटे बसवतात. त्याआधी गरम चहा, सिगारेट, मलम वर्ज्य. फसगत होते ती उपचारानंतर. मालिश संपताच पाठ पडद्यावर लालभडक दिसते, आणि रुग्ण खूश होतो. तो रंग चोळण्याने वाढलेल्या रक्तपुरवठ्याचा; उसण गेली की नाही, हे त्यावरून कळत नाही. शेक दिल्यावरही तेच. तेलाचा थर राहिला तर मोजमापच बिघडते. पुढच्या बैठकीला, हात लावण्यापूर्वी घेतलेले चित्र अधिक भरवशाचे.

स्नायूतील दुखऱ्या गाठीवर, म्हणजे ट्रिगर पॉइंटवर, गरम ठिपका दिसतो असा १९८०च्या दशकात बराच बोलबाला होता. पुढे काही अभ्यासांत ती जागा भोवतालापेक्षा थंडही आढळली. १९९२ साली ‘पेन’ या नियतकालिकात आलेल्या स्वर्डलो व डीटर यांच्या तपासणीत ठिपका आणि गाठ यांची सांगड बसली नाही. यात नवल नाही. कॅमेऱ्याला दिसते ती कातडी. तिचे तापमान ठरवतात वरच्या रक्तवाहिन्या व त्यांना आवळणाऱ्या-सैलावणाऱ्या अनुकंपी तंत्रिका. खोल स्नायूची ऊब चरबीच्या थराआडच राहते.

म्हणून चित्रासोबत आणखी दोन नोंदी ठेवतात: रुग्णाने शून्य ते दहामध्ये सांगितलेली वेदना, आणि दाबमापकाने मोजलेला, दुखू लागण्याइतका दाब.