थायलंडहून बुद्धमूर्ती मागवताना : भाडे, कस्टम्स आणि कागदपत्रे

"मूर्ती दानात मिळाली आहे, मग पैसे कसले भरायचे?" विहार समित्यांचे कार्यकर्ते हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारतात. थायलंडच्या उपासकांनी महाराष्ट्रातल्या विहारांना बुद्धमूर्ती दान देणे आता नवे राहिलेले नाही. मूर्ती लाएम चाबांग बंदरातून निघते, इकडे स्थापनेची तारीख ठरते, पत्रिका छापल्या जातात, आणि मूर्ती न्हावा शेवाच्या गोदामात अडकते. मग वस्तीतल्या लोकांनी दहा-वीस रुपयांनी जमवलेली वर्गणी दंडात जाते. हे टाळायचे असेल तर मूर्ती जहाजावर चढण्याआधीच पुढच्या गोष्टी समजून घ्याव्यात.

आधी एफसीआरए

कस्टम्सचा विचार नंतर. विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० फक्त पैशांना लागू होतो असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात परदेशी दात्याने संस्थेला दिलेली वस्तूसुद्धा त्यात मोडते. म्हणून विहाराच्या ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर 'वैयक्तिक भेट' दाखवून मूर्ती आणायची आणि मग विहारात ठेवायची, असा सल्ला देणारे भेटतात. आमचे स्पष्ट मत आहे की ही पळवाट धरू नये, कारण उद्या चौकशी झाली तर ती त्या एकट्या माणसाची होते. समितीने स्वतःच्या पैशाने, बिल घेऊन आणि बँकेमार्फत पैसे पाठवून मूर्ती विकत घेतली तर तो साधा खरेदी व्यवहार ठरतो.

ट्रस्टच्या नावाने आयात करायची तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढावा. तो डीजीएफटीच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. ते विसरले तर क्रमांक बंद पडतो.

'भाडे भरले आहे' म्हणजे कुठपर्यंतचे?

दाते सांगतात, "भाडे आम्ही भरले." हे वाक्य कागदावर कोणत्या शब्दात आहे ते पाहावे. एफओबी असेल तर मूर्ती तिकडच्या जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्यांचा, पुढचा सगळा आपला. सीआयएफ असेल तर आपल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा त्यांचा. मात्र सीआयएफमध्येही मूर्ती जहाजावर चढली की नुकसानीची जोखीम आपल्याकडे येते, म्हणून विम्याचा कागद आपल्या हातात असलाच पाहिजे. डीएपीमध्ये ठरलेल्या ठिकाणापर्यंतची वाहतूक त्यांची, पण शुल्क आपले. यांपैकी कोणत्याही अटीत कस्टम ड्यूटी दाता भरत नाही. ती फक्त डीडीपीमध्ये त्याच्याकडे असते, आणि परदेशी दात्याला भारतात आयातदार म्हणून उभे राहणे सोपे नाही.

शुल्काचा हिशेब

दान असले तरी मूर्तीची किंमत शून्य धरली जात नाही. तशाच मूर्तीची बाजारात जी किंमत असेल तिच्या आधारे कस्टम्स मूल्य ठरवते. त्यात भाडे आणि विमा मिळवतात. भाड्याचा आकडा मिळाला नाही तर एफओबी किमतीच्या २० टक्के, आणि विम्याचा मिळाला नाही तर १.१२५ टक्के धरले जातात. म्हणून भाड्याची खरी पावती मागून घ्यावी.

समजा, एकूण मूल्य २,५०,००० रुपये झाले. समजण्यासाठी मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. मूळ शुल्क २५,०००, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २,५००, आणि या सगळ्या बेरजेवर, म्हणजे २,७७,५०० वर, आयजीएसटी ४९,९५०. एकूण ७७,४५० रुपये. खरा दर मूर्ती पितळेची, दगडाची, लाकडाची की फायबरची यावर ठरतो.

आसियान देशांशी भारताचा वस्तू व्यापार करार आहे. मूर्ती खरोखर थायलंडमध्ये बनलेली असेल, तो प्रकार सवलतीच्या यादीत असेल आणि दात्याने तिथल्या सरकारी कार्यालयातून 'फॉर्म एआय' हे मूळस्थान प्रमाणपत्र काढले असेल, तर मूळ शुल्क कमी किंवा शून्य होऊ शकते. वरच्या उदाहरणात ते शून्य झाले तर भरणा ४५,००० वर येतो. म्हणजे एका कागदाने ३२,४५० रुपये वाचतात. हा कागद निर्यातीच्या वेळीच मागावा.

'धार्मिक वस्तू आहे, सूट मिळेल' असे कोणी म्हणाले तर अधिसूचनेचा क्रमांक विचारावा.

बंदरावरचा मीटर

बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करायचे असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. योग्य कारण असेल तर अधिकारी तो माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. शुल्क वेळेत भरले नाही तर वर्षाला १५ टक्के व्याज. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूद कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम ४८ मध्ये आहे.

याशिवाय जहाज कंपनीचे डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे, टर्मिनल हाताळणी, गोदामाचे भाडे आणि क्रेन. गोदामात माल पडून राहिला तर डेमरेज, कंटेनर वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. ही दोन वेगळी बिले आहेत आणि दोन्ही रोज वाढतात. परवानाधारक कस्टम ब्रोकरकडून या सगळ्याचा लेखी अंदाज आधीच घ्यावा.

दात्याला पाठवायचा निरोप

बुद्धप्रतिमा देशाबाहेर नेण्यासाठी थायलंडच्या ललित कला विभागाची परवानगी लागते, मूर्ती नवी असली तरी. लाकडी खोक्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का हवा. तो नसेल तर माल वनस्पती संगरोध विभागात अडकतो. मूर्तीसोबत बोधिवृक्षाचे रोप पाठवू नका असे आवर्जून कळवावे. रोपासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र वेगळे लागते.

बिल ऑफ लेडिंगवर कन्साइनी म्हणून ट्रस्टचे नाव आयईसीवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर असावे. भंतेजींचे किंवा अध्यक्षांचे नाव तिथे आले की दुरुस्तीत दिवस जातात आणि वर सांगितलेला मीटर सुरूच असतो. कच्चा मसुदा आधी मागवा, ब्रोकरला दाखवा, मगच होकार द्या. आणि स्थापनेची तारीख मूर्ती बंदरातून बाहेर पडल्यावर जाहीर करा.